फक्त निवड बघणारे काका

खोली दाखवताना काकांनी पहिली अट घातली ती पंख्याची. भाडं, पाणी, गाडी कुठं लावायची, हे सगळं नंतर.

"कॉट पंख्याखाली घ्यायची नाही. पंखा पडतो."

मी वर बघितलं. पंखा चांगला धडधाकट दिसत होता. "पडला होता का कधी?"

"नाही," काका म्हणाले. "म्हणून तर. पडायचा राहिलाय तो."

दारात उभ्या असलेल्या काकू हसल्या. "हो म्हण रे बाबा. नाहीतर दर रविवारी स्टुलावर चढून नट तपासतील. आणि स्टूल मला धरायला लागेल, कारण स्टुलावरून पडायची भीती पंख्यापेक्षा मोठी."

गारखेड्यातल्या त्या घरात वरच्या खोलीवर मी बरीच वर्षं काढली. मी मूळचा सोयगावचा, शेंद्र्याला एका कंपनीत कामाला. काका सिंचन खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील गावोगाव पूजा सांगत फिरायचे. काका मात्र चौकाच्या पलीकडं जायचं म्हटलं तरी दोनदा विचार करणारे. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं, गळ्याला वारा लागू नये म्हणून.

त्यांना पालीची भीती वाटायची. लिफ्टची, उघड्या वायरची, अनोळखी नंबरची. भुंकणाऱ्या कुत्र्याला ते घाबरत नसत, गप्प बसलेल्या कुत्र्याला घाबरत. "भुंकतो त्याच्या मनात काय आहे ते कळतं तरी." रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याला विचारायचे, "डोळे तपासलेत का?" सूतगिरणी चौकातले रिक्षावाले त्यांना ओळखून होते. लांबूनच ओरडायचे, "चाचा, कलही तपासे, बैठो!" मी कंपनीत पोचलो की फोन करायचा, अशी दुसरी अट होती. एकदा विसरलो तर काकांनी थेट कंपनीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन आम्ही काम करत होतो तिथं येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या घरमालकानं विचारलंय, जिवंत आहात का."

लहानपणी काही घडलं असेल, असं मला वाटायचं. पाण्यात बुडता बुडता वाचले असतील, कुणी डोळ्यांसमोर गेलं असेल. एकदा काकूंना विचारलंच.

"मीही लग्न झाल्यावर हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, काही नाही झालेलं, असाच जन्मला. आमच्या लग्नात होमाशेजारी ह्यांनी पाण्याची बादली ठेवायला लावली होती. फोटोत आहे ती. आम्हा दोघांच्या मधोमध."

आणि हा माणूस कबड्डीचा वेडा होता.

लीगमधला कुठला खेळाडू कुठल्या गावचा, कोणाची डावीकडची पकड चांगली, कोणाची चढाई नुसती देखणी, सगळं तोंडपाठ. पण सामना त्यांनी कधी बघितला नाही. टीव्हीवरही नाही. सामना लागला की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि संपला की आत येऊन पहिला प्रश्न विचारायचे, "कुणाला लागलं?" निकाल त्यानंतर.

ते बघायचे फक्त निवड. हंगामाआधी सगळे संघ पाळीपाळीनं नवी पोरं घेतात, ती. आम्ही त्याला ड्राफ्ट म्हणायचो, काका निवडच म्हणायचे. वर्षातून एक दुपार त्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. घरामागच्या कबड्डीच्या मैदानावरची सगळी मंडळी यायची, काकू परातभर चिवडा करायच्या, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीला जोडलं जायचं. सूत्रसंचालक एकेक नाव पुकारायचा आणि हॉलमध्ये भांडण पेटायचं. ह्याला कशाला घेतला, त्याला का सोडला. त्या दुपारी काका कुणी वेगळेच असायचे. मांडी घालून मधोमध बसायचे, हातवारे करायचे, एकदा परभणीकडच्या एका पोराचं नाव आलं तेव्हा उठून नाचले होते.

"तुम्ही हेच का बघता?" मी विचारलं होतं.

"इथं कुणाचं हाड मोडत नाही. कुणी रडत बाहेर जात नाही."

"ज्यांना घेत नाहीत ते रडतात की."

"ते दाखवत नाहीत ना," काका म्हणाले, आणि लगेच मागं वळून ओरडले, "चिवडा सावकाश खा रे! ठसका लागेल."

कैलास माझा सोबती म्हणून खोलीवर आला तो ह्या मैदानामुळंच. करमाडजवळच्या एका वस्तीवरचा पोरगा. घरची थोडी शेती, वडील अजून मेंढरं राखणारे, आई दुसऱ्यांच्या रानात कामाला जाणारी. चढाईला गेला की पाय जमिनीला लागतायत का नाही, असं वाटायचं. काकांनी त्यालाही पंख्याची अट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि कॉट ओढून बरोबर पंख्याखाली लावली.

"पडू द्या की काका. चुकवीन मी."

मला वाटलं आता खोली गेली. पण काका हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून कैलास त्या घरचा झाला. सामना खेळून आला की काका फाटकातच अडवायचे.

"हातपाय?"

"हायेत."

"मोजून बघ."

"चार हायेत काका. येऊ का आत?"

त्या वर्षी निवडीसाठी आलेल्या पोरांच्या यादीत कैलासचं नाव होतं. मैदानात दुसरा विषय नव्हता. आपल्या भागातलं पोरगं, टीव्हीवर.

पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं आलं की काका पहाटेच गच्चीवर टाकीपाशी. कैलास तिथं दोरीवरच्या उड्या मारत होता. मी खाली दात घासत होतो. मला फक्त काकांची हाक ऐकू आली. नाव नाही, शब्द नाही, नुसता आवाज. वर पोचलो तोवर कैलास भिंतीला टेकून बसला होता आणि हसत होता.

"उपाशी पोटी चक्कर आली. काका लई घाबरले."

काका टाकीला धरून उभे होते. टाकी भरून पाणी त्यांच्या पायावरून वाहत होतं, तरी त्यांना कळलं नव्हतं.

नंतर मला म्हणाले, "चक्कर आली की माणूस आधी बसतो रे. आधार शोधतो. हा बसला नाही. उडी मारता मारता विझला. डोळे उघडे होते."

आठवड्याभरात जिन्यात तसंच झालं. तेव्हाही काकाच जवळ होते. मैदानावरून पळत आलेला कैलास शेवटच्या पायरीवर कोसळला आणि पाण्याचा हबका मारेपर्यंत उठून बसला. काका हात जोडून त्याच्या मागं लागले, की डॉक्टरकडं चल, हृदयाच्या डॉक्टरकडं.

"काका, तुमाला पालीची भीती, लिफ्टची भीती," कैलास म्हणाला. "आता माझी बी वाटाया लागली व्हय?" मग आवाज खाली करून, जरा लाडीगोडीनं, "ड्राफ्ट होऊ द्या. मग तुमी म्हनाल तिथं येतो. आत्ता रिपोर्टात काय निघालं तर नाव जाईल माझं. आय-बापानं काय बघितलंय का जलमात?"

काकांनी करमाडला फोन लावला. वडील म्हणाले, "पोरगं धडधाकट हाये काका. कालच आलं व्हतं, दोन मेंढरं एका दमात टेम्पोत टाकली. तुमी जिवाला घोर लावून घिऊ नका." काका एकटेच एका डॉक्टरकडं गेले. पेशंट नाही, रिपोर्ट नाही. डॉक्टर म्हणाले, मुलाला घेऊन या. काकूसुद्धा म्हणाल्या, "अहो, तुमचं कोण खरं मानणार?" टोमणा नव्हता तो. त्यांनाच वाईट वाटत होतं.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर काका जिन्यात बसले होते. शेजारी बसायची खूण केली.

"तुला एक विचारतो. हे माझं नेहमीचं आहे का खरं आहे?"

मी डबा पायरीवर ठेवला.

"पंखा बघितला की पोटात असा गोळा येतो. कैलास पडला तेव्हाही अगदी असाच आला. तसूभर फरक नाही. मग ओळखायचं कसं रे? लोकांना कसं कळतं?"

त्यांची ती भीती माझ्या खोलीपर्यंत आली. कैलास झोपला की मी त्याच्या छातीकडं बघत राहायचो, हलतेय का. त्यानं कूस बदलली की मला बरं वाटायचं. दिवसा तो मैदानावर दिसला की मी नजर वळवायचो, आणि वळवली की पुन्हा बघावंसं वाटायचं. काका आयुष्यभर सामने का बघत नव्हते ते तेव्हा मला कळलं.

निवडीच्या दुपारी हॉल नेहमीपेक्षा जास्त भरला. कैलासचे वडील डोक्याला पटका बांधून आले होते, खुर्ची दिली तरी खालीच बसले. आई भिंतीला टेकून, पदराचं टोक मुठीत धरून. कैलास उभाच. मधली जागा, काकांची, रिकामी होती. ते दाराजवळ बसले होते, टीव्हीकडं पाठ करून.

नावं येत गेली. हरियाणाची पोरं, उत्तर प्रदेशची पोरं. प्रत्येक नावाआधी सूत्रसंचालक थांबायचा तेव्हा हॉलमध्ये कुणी श्वास घ्यायचं नाही, आणि नाव दुसऱ्याचं निघालं की सगळे एकदम सुस्कारा सोडायचे. मी काकांकडं बघत होतो. प्रत्येक नावाला त्यांचे खांदे खाली यायचे. सगळ्या घरात तो एकच माणूस असा होता, की नाव येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसला होता. फेऱ्या सरत आल्या तशी कैलासच्या आईचे ओठ हलायला लागले. काकांचेही हलत होते. दोघं देवाकडं अगदी उलट मागणं मागत होते.

शेवटच्या फेरीत नाव आलं. सूत्रसंचालकानं आडनाव चुकीचं उच्चारलं, पण पुढं "करमाड, महाराष्ट्र" म्हणाला.

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कुणीतरी कैलासला खांद्यावर घेतलं. चिवड्याची परात उलटली. वडील पटका सोडून त्यात तोंड लपवून रडत होते. आई कैलासच्या पायाला हात लावत होती, तो तिला उठवत होता. त्या गोंधळातच त्याचा फोन वाजला. संघाचे मॅनेजर. पोरांनी ओरडून ओरडून फोन स्पीकरवर टाकायला लावला.

"मुबारक हो बेटा," पलीकडचा आवाज म्हणाला. "परसों से कॅम्प है. सामान बाँधो."

काका उठले. अनोळखी नंबर उचलायला घाबरणारा माणूस गर्दीतून वाट काढत गेला, दोन्ही हातांनी कैलासच्या मनगटासकट तो फोन धरला, आणि मोठ्यानं, चिरक्या आवाजात बोलला.

"साब, ये लडका दो बार बेहोश होके गिरा है. मैंने देखा है. दिल की जाँच किये बगैर इसको मैदान में मत उतारो. हाथ जोडता हूँ."

टीव्हीवर जाहिरात चालू होती.

"आप कौन?" पलीकडून विचारलं.

काका गोंधळले. "मैं... मकान मालिक."

फोन बंद झाल्यावर पहिल्यांदा आई बोलली. ओरडली नाही. "काय वाकडं केलं व्हतं आमी तुमचं?"

कैलासनं काकांकडं बघितलंसुद्धा नाही. वर गेला, पिशवी भरली, खाली आला. वडील दारात थांबले. "तुमी भित्रे ते ठाव व्हतं. भ्या की. कोन नाय म्हनतं. पन तुमचं भ्याव आमच्या लेकराच्या ताटात वाढलं तुमी."

काकूंनी काकांचे दोन्ही हात स्वतःच्या हातात धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कुणीतरी हिरव्या बांगड्या टांगल्या होत्या. काकूंनी त्या काढल्या, "माझ्या मापाच्या नाहीत" म्हणाल्या आणि केराच्या डब्यात टाकल्या. मैदानावरची पोरं समोरून जाताना थुंकायची. मलाही दोघा-तिघांनी विचारलं, अजून तिथंच राहतोस का.

काकांचं बोलणं मॅनेजरनं मनावर घेतलं होतं; कॅम्पमध्ये आधी कैलासच्या हृदयाची तपासणी होणार होती. ते दिवस त्या घरात कसे गेले सांगता येत नाही. काका जेवायला बसायचे आणि उठायचे. "रिपोर्ट चांगला येऊ दे," म्हणायचे. थोड्या वेळानं, "पण चांगला आला तर मी त्याचं नाव उगाच खराब केलं. त्याला म्हणणार, हा पडणारा पोरगा." मग पुन्हा, "वाईट आला तर..." आणि ते वाक्य ते पुरं करत नसत. मला आठवतं, कुकरची शिट्टी झाली तरी आम्ही तिघंही दचकायचो.

फोन माझ्याकडं आला, कंपनीत. कैलासचाच.

"निघालं," तो म्हणाला. "काळजाचं मांस जाड हाये म्हने. जलमापासून. डॉक्टर म्हनला, नशिबानं वाचलास. खेळायचं बंद. कायमचं."

"तू कसा आहेस?"

"ठिवतो फोन."

मी घरी आलो तर काका फाटकात उभे होते. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी गज धरला.

"खरं निघालं?"

"हो काका. तुमच्यामुळं वाचला तो."

मला वाटलं होतं, निदान हायसं तरी वाटेल. काका पायरीवर बसले.

"म्हणजे माझं खरं निघू शकतं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, अगदी बारीक आवाजात, "मग बाकीचं पण?"

त्यानंतर काका फाटकाबाहेर पडलेच नाहीत. आधी त्यांच्या भीतीत एक गंमत होती, स्वतःवर हसायची सोय होती. ती गेली. खिडक्या बंद राहू लागल्या. मी पोचल्याचा फोन केला तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही, पुन्हा करायला लावायचे. भाजी, दवाखाना, बँक सगळं काकू स्कूटीवर करायच्या, आणि त्या परत येईपर्यंत काका दाराला कान लावून उभे. काकू एकदा मला म्हणाल्या, "तो पोरगा वाचला रे. पण हे राहिले तिकडंच, त्या टाकीपाशी."

पुढच्या वर्षी निवडीचा दिवस आला. मैदानावरची मंडळी दुसरीकडं जमली होती. आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर काकूंनी विणलेला रुमाल घातलेला. दुपारी फाटक वाजलं. कैलास होता.

अंगानं सुटला होता. गोळ्या चालू होत्या. घरची मेंढरं बघत होता आणि शाळेच्या पोरांना कडेला उभं राहून पकडी शिकवत होता, असं मला ऐकून माहीत होतं. आत आला आणि चपला काढून काकांसमोर खाली बसला. काका खुर्चीत आक्रसून गेले, जणू हा आता मारणार.

"आई म्हनली जाऊन ये," कैलास म्हणाला. "राग हाये काका. खोटं कशाला बोलू. अजून हाये. जाईल का नाय ठाव नाय."

काकांनी मान हलवली.

"टीव्ही लावू?" मी विचारलं. दोघंही नको म्हणाले.

मग कैलास जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"झोप येत नाय. डोळा लागाया लागला की दचकून उठतो. वाटतं, आता झोपलो तर उठीन का नाय. घरी कुनाला सांगत नाय. आई लगेच रडती. दोस्तांना सांगितलं तर म्हनतेत, तू कधीपासून भ्याया लागला." त्यानं वर बघितलं. "तुमाला सांगितलं तर तुमी हसनार नाय, म्हनून आलो."

काका खुर्चीतून उठले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतक्या चटकन हलताना बघितलं नव्हतं.

"छातीवर हात ठेवून झोपतोस का?"

"व्हय."

"ठेवू नको. ठोके ऐकू येतात, आणखी भीती वाटते. कुशीवर झोप. हात उशीखाली."

"बरं."

"मला रोज असंच वाटतं रे," काका म्हणाले. "तुझ्याएवढा होतो तेव्हापासून. उद्या उठणार नाही, असं वाटल्याशिवाय मी एकदाही झोपलेलो नाही. आणि उठतोच मी. रोज."

"मग जाती का ती भीती?"

काकांनी विचार केला. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं असेल. पण बोलले नाहीत.

"नाही जात. मी उठतो, भीती उठते. मी चहा ठेवतो. भीती तशीच असते, पण चहा झालेला असतो. मग प्यायचा."

कैलास हसला नाही. लक्ष देऊन ऐकत होता, कुणी खेळातला डाव समजावून सांगावा तसा. आतून काकूंनी जेवून जा म्हणून हाक मारली. तो म्हणाला, जेवतो, आणि आज राहतो बी.

सकाळी मी खाली उतरलो तेव्हा स्वयंपाकघरात दोघं पाठमोरे उभे होते. काका त्याला साखर किती ते सांगत होते, आणि आधण उकळत होतं.